एकसारखा वेग

मास्तरांची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा टेस्टर एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. इंजिनाच्या आवाजावरून त्याने गाडी ओळखली आणि तसाच पडून राहिला. गिऱ्हाइकाला तोंड दाखवू नये असं त्याला क्वचितच वाटायचं. आज वाटलं.

"बाहेर ये," मास्तर म्हणाले. "बूट दिसतायत तुझे."

"परत सुटलं?"

"परत. तुझ्यापेक्षा माझी शिकाऊ पोरं बरी होती. चुकायची, पण दर वेळी नवी चूक करायची."

टेस्टर हे त्याचं खरं नाव नव्हतं. वायरीत वीज आहे की नाही ते दाखवणारा छोटा स्क्रूड्रायव्हर कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असायचा, म्हणून लोक त्याला टेस्टर म्हणू लागले आणि पुढे त्याच्या बायकोनेही तेच उचललं. गाड्यांचं वायरिंग हा त्याचा धंदा. गाडी चालवायला तो मास्तरांकडेच शिकला होता. शहरात त्याच्या वयाचे बहुतेक लोक मास्तरांकडेच शिकले होते.

मास्तरांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकवर, कागदाएवढं अंतर राखून, तरंगत असायचा. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच सांभाळतोय. "पाय ब्रेकवर, वजन पोटात," असं ते नव्या शिक्षकांना सांगत. वर्षानुवर्षं तो पाय असा तरंगला. ज्यांना मास्तरांनी भिंतीपासून, सायकलवाल्यापासून, उघड्या गटारापासून वाचवलं, त्यातल्या निम्म्यांना आपण वाचलो हेसुद्धा कळलं नाही.

आता स्कूल बंद झालं होतं. राहिली होती ही घरची जुनी, राखाडी, चौकोनी तोंडाची गाडी. तिच्यात क्रूझ होतं. मोकळ्या रस्त्यावर हवा तो वेग धरायचा, स्टिअरिंगजवळची कांडी दाबायची आणि पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण तोच वेग धरून चालते. ब्रेकला जरासा स्पर्श झाला की क्रूझ सुटतं आणि गाडी पुन्हा माणसाच्या ताब्यात येते. चैनीची वस्तू म्हणून घेताना मास्तरांनी नाक मुरडलं होतं. हौस त्यांच्या बायकोची, काकूंची होती.

त्याच काकूंपायी आता हे क्रूझ मास्तरांच्या जिवाचं झालं होतं. काकूंना आता आठवण राहिली नव्हती. शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात त्यांची एक खोली होती, खिडकीशी एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत त्या दिवसभर गप्प असायच्या. मास्तर रोज जायचे. काकू त्यांच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघायच्या, अदबीनं आणि थोडं भिऊन. पण एका रविवारी मास्तर त्यांना गाडीत घालून महामार्गावर घेऊन गेले. टोलनाका मागे पडला, क्रूझ लागलं, इंजिनाचा सूर एकसारखा झाला आणि काकू बोलायला लागल्या. "अहो," म्हणाल्या, "दुधाची पिशवी आत घेतलीत ना?"

तेव्हापासून दर रविवारी ते निघायचे. वेग एकसारखा असेपर्यंत काकू बोलायच्या. वेग चुकला, सूर बदलला, गाडीने मान टाकली की त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मग त्या दाराची कडी ओढायच्या, शेजारी बसलेल्या माणसाला "मला घरी सोडा हो" म्हणून विनवायच्या. पायाने वेग तसा राखणं मास्तरांना हल्ली जमत नव्हतं. गुडघा कुरकुरतो, असं ते म्हणायचे. म्हणून सगळा भार क्रूझवर. आणि गेले काही रविवार क्रूझ मधेच सुटत होतं.

"या वेळी काय झालं नीट सांगा," टेस्टर टेम्पोतून बाहेर येत म्हणाला.

"झालं काय? ती आमच्या पहिल्या घराबद्दल सांगत होती. वरच्या मजल्यावरच्या बाई, त्यांची वाळत घातलेली चादर आमच्या गॅलरीत कशी पडायची. एवढ्यात क्रूझ सुटलं, गाडी मंदावली." मास्तरांनी टोपी काढून झटकली. "चादरीचं पुढे काय झालं ते राहिलंच."

"तुम्हाला माहीत असेल ना."

"मला माहिती आहे रे. मला तिच्याकडून ऐकायचं होतं."

पहिल्या खेपेला टेस्टरला एक रबरी नळी सापडली होती. ही जुन्या पद्धतीची यंत्रणा, हवेच्या ओढीवर चालणारी. नळीला केसाएवढी चीर होती. त्याने नळी बदलली, स्वतः महामार्गावर फेरी मारली, क्रूझ दगडासारखं टिकलं. दुसऱ्या खेपेला त्याने ब्रेकच्या पेडलमागचा, क्रूझ सोडणारा आणि मागचे दिवे लावणारा स्विच बदलला, स्टिअरिंगखालच्या जोडण्या साफ केल्या, कंट्रोलची पेटी उघडून प्रत्येक टाका नव्याने दिला. पुन्हा फेरी, पुन्हा ठणठणीत. त्याच्या हातात क्रूझ एकदाही सुटलं नव्हतं, आणि हेच त्याला खात होतं. दोष सापडला तर तो काढता येतो. मेकॅनिकसमोर शहाण्यासारखा वागणारा दोष म्हणजे डोक्याला ताप.

"तुम्ही दुरुस्त करताय की पाळलीय ती गाडी?" दुपारी डबा उघडताना बायकोने विचारलं. गॅरेजचा हिशेब आणि फोन ती बघायची.

"गाडीत काही नाहीये."

"मग मास्तर खोटं बोलतात?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीत, पण तोंड तसंच केलंत."

जेवण झाल्यावर टेस्टरने बाहेर थांबलेल्या मास्तरांना सांगितलं, "तुम्ही चालवा. मी माझ्या व्हॅनमधून मागे येतो. लांबून बघतो काय होतं ते."

महामार्ग त्या वेळी मोकळा होता. मास्तरांची गाडी डाव्या-उजव्या दोन्ही रेघांपासून सारखं अंतर ठेवून चालली होती. असं चालवणारा माणूस आता विरळा, टेस्टरच्या मनात आलं. पुढच्या गाडीचा वेग स्थिर झाला. क्रूझ लागलं असणार. टेस्टरने अंतर धरलं आणि वाट बघत राहिला. एक पेट्रोलपंप गेला, विटांची भट्टी गेली, एक पूल गेला.

मग मागचे दोन्ही दिवे लागले.

लाल, मंद, पण स्पष्ट. पुढे काहीही नव्हतं. रस्ता रिकामा होता, वळण नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवे लागले, गाडी मंदावली. दिवे तसेच लागलेले राहिले. मास्तरांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि 'बघितलंस?' असा फिरला. हात आत गेला तरी दिवे चालूच होते.

टेस्टरला आधी वाटलं, स्विचच. नवा स्विचही खराब निघू शकतो. पण तीच गोष्ट पुन्हा दोनदा घडली, आणि तिसऱ्यांदा तो व्हॅन शेजारून नेत पुढे काढत असताना त्याने मास्तरांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर लांब. उजवा गुडघा मात्र उचललेला होता. क्रूझ लागल्यावर पाय मोकळा झाला होता, आणि मोकळा पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने आपल्या जागी, ब्रेकवर, जाऊन तरंगत होता. म्हणजे तरंगतोय असं मास्तरांना वाटत होतं.

 त्याने व्हॅन पुढे नेली आणि पुढच्या फाट्यावरून परत फिरला.

"गाडी आज ठेवून जा," गॅरेजवर आल्यावर तो एवढंच म्हणाला.

"सापडलं?"

"बघतो."

मास्तर बसने घरी गेले. टेस्टर त्यांच्या गाडीत पेडलखाली डोकं घालून पडून राहिला. स्विच व्यवस्थित होता. अंगठ्याएवढी ती वस्तू, एका नटावर बसवलेली. नट अर्धा आटा मागे घेतला तर पेडल बरंच आत गेल्याशिवाय स्विचला कळणार नाही. पाय नुसता टेकला तर क्रूझ सुटणार नाही. गाडी एकसारखी चालेल, काकू बोलत राहतील, चादरीचं पुढे काय झालं ते कळेल. हातातला पाना आपसूक नटावर बसला. हे काम एका मिनिटाचंसुद्धा नव्हतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"मग फिरवा की," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा जातात म्हातारे."

"पाय ब्रेकवर टेकलेला असेल, क्रूझ गाडी पुढे ढकलत असेल आणि मागच्याला दिवा दिसणार नाही. ब्रेक तापत राहतील. आणि हे नुसतं क्रूझचं नाही. पाय कुठे आहे हेच त्यांना कळत नाहीये."

तिने पेडलकडे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "तर मग सांगायला हवं त्यांना."

"तू सांग."

"मी? मला तीनदा नापास केलंय त्यांनी. मी सांगितलं तर सूड उगवल्यासारखं होईल."

टेस्टर हसला. मग त्याने पाना काढला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. परवा रविवार होता. टेस्टरने गाडी अंगणात, भिंतीकडे तोंड करून लावली होती.

"जरा मागचे दिवे बघून घेऊ," तो म्हणाला. "तुम्ही बसा. मी मागे उभा राहतो."

यात नवीन काही नव्हतं. जगात जिथे गाड्या आहेत तिथे एक माणूस ब्रेक दाबतो आणि दुसरा मागे उभा राहून ओरडतो. मास्तरांनीही प्रत्येक शिकाऊ माणसाकडून हे रोज सकाळी करून घेतलं होतं. त्यांनी किल्ली फिरवली.

"दाबला," ते म्हणाले.

"लागला."

"सोडला."

दिवे लालच होते. टेस्टर त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"अरे, सोडला म्हटलं. विझला का?"

"लागलेलाच आहे, मास्तर."

"मग स्विच अडकतोय तुझा. मी म्हणत नव्हतो?"

"परत एकदा करू. पाय पूर्ण काढून घ्या आणि नव्याने दाबा."

दिवे विझले. काही क्षण गेले.

"दाबला," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर होता. पाय जोरात दाबल्यावर येतो तसला.

दिवे लागले नाहीत.

टेस्टरने तोंड उघडलं. एकच शब्द बोलायचा होता, लागला. तो बोलून मोकळं होणं काही कठीण नव्हतं. शब्द जिभेवर आला आणि तिथेच राहिला. आरशातून मास्तर त्याच्याकडे बघत होते. विद्यार्थ्याच्या गप्प बसण्यावरून त्याची चूक ओळखणारा तो माणूस.

"बोल की," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"नाही लागला."

मास्तरांनी मान खाली घातली. गाडी चालवताना पायांकडे बघणाऱ्याला ते टोपीने मारायचे. आता ते स्वतः वाकून बघत होते. टेस्टर दाराशी आला तेव्हा त्यालाही दिसलं. बूट पेडलच्या बाजूला, चटईवर होता. टाच, चवडा, सगळं वजन चटईवर. मास्तरांनी पाय उचलला, डोळ्यांनी बघत पेडलवर ठेवला, दाबला. मग डोळे मिटून पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. या खेपेला तो अर्धा पेडलवर पडला. त्यांनी डोळे उघडून खात्री केली. कुठलीही गोष्ट एकदा बघून सोडणारे ते नव्हते. त्यांनी ते पुन्हापुन्हा करून पाहिलं, आणि टेस्टर दार धरून उभा राहिला.

"डॉक्टर म्हणाले होते," शेवटी मास्तर बोलले. "साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालीय, चप्पल बघून घालत जा. मी चप्पल बघून घालत होतो."

त्यांनी वाकून पेडलमागे पाहिलं.

"तो स्विच थोडा मागे घेता येतो ना?"

"येतो."

"घेतलास?"

"काल पाना लावला होता."

"मग?"

"काढला."

मास्तरांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. "माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याला काय म्हटलं असतं, तुला माहिती आहे?"

"माहिती आहे."

"मग बोलून दाखवू नकोस." त्यांनी किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाराला धरून खाली उतरले. "परवा मी तिला काय सांगू? सांगून तिला कळणारही नाही म्हणा. ती खुर्चीत बसून राहील."

"मी चालवतो की."

"परका माणूस चालत नाही तिला. मागे तिथल्या ड्रायव्हरला बसवलं होतं. गेटपर्यंतसुद्धा गेली नाही."

"बघू तरी. नाही जमलं तर परत फिरू."

मास्तर गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. "हळू चालवत नाहीस तू," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी होकार दिला होता.

रविवारी शुश्रूषागृहाच्या पोर्चमध्ये टेस्टरने गाडी लावली. मदतनीस बाई काकूंना हाताला धरून घेऊन आल्या. काकू लहान झाल्या होत्या, स्वेटर खांद्यावरून घसरत होता. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि अदबीनं मान हलवली. मग सरळ पुढच्या दाराकडे गेल्या, नेहमीच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावून घेण्यासाठी हात वर करून थांबल्या. पट्टा टेस्टरने लावला. त्याला वाटलं आता त्या कडीला हात घालतील. घातला नाही. मास्तर मागे बसले. त्या गाडीत ते कधी मागे बसले नव्हते. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना.

टोलनाक्यापर्यंत टेस्टर परीक्षेला बसल्यासारखा चालवत होता. मोकळा रस्ता लागला तशी त्याने कांडी दाबली आणि पाय काढून सपाट जमिनीवर ठेवला. इंजिनाचा सूर एक झाला. विटांची भट्टी आली, पूल आला.

काकूंनी मान वळवली. आधी टेस्टरचे हात पाहिले, मग चेहरा. बराच वेळ पाहिला. 

"अहो," काकू म्हणाल्या.

मागच्या सीटवर मास्तर एकदम पुढे झाले. "काय गं?"

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या टेस्टरकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, मागच्या गृहस्थांना कुठे सोडायचंय?"

टेस्टरने आरशात पाहिलं. मास्तरांचा हात पुढच्या सीटच्या पाठीवर होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

"मला पुढे जायचंय, बाई," ते म्हणाले. गिऱ्हाइकांशी बोलायचे त्या आवाजात. "तुमची हरकत नसेल तर बसतो."

"बसा ना," काकू म्हणाल्या. "रस्ता काय, सगळ्यांचाच आहे." मग पुन्हा टेस्टरकडे वळून, अगदी घरच्या आवाजात, "मी काय सांगत होते? हां. वरच्या बाईंची चादर. चौथ्यांदा पडली ना, तेव्हा मी म्हटलं आता नाही द्यायची परत. धुऊन, घड्या घालून ठेवून दिली कपाटात. आणि तुम्ही काय केलंत?"

टेस्टरने आरशाकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. क्षणभर नुसतं इंजिन ऐकू येत होतं. काकूंची बोटं मांडीवर चुळबुळायला लागली, दाराच्या दिशेने सरकली.

आरशात मास्तरांचे ओठ हलले. आवाज न करता ते सांगत होते. टेस्टरला वाचता येईना. त्याने नजर रस्त्यावर नेली, पुन्हा आरशात आणली.

"तूच सांग," टेस्टर म्हणाला. काकूंना 'तू' म्हणताना त्याची जीभ अडखळली.

काकू हसल्या. "गुपचूप नेऊन दिलीत! वर माझ्या नावानं. त्या बाई आल्या, मला मिठी मारली, आणि मी आपली उभी खांबासारखी." त्यांची बोटं शांत झाली. "मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. आठवतं ना?"

आरशात मास्तरांनी डोळे मिटले होते. चेहरा खिडकीकडे वळवलेला होता. तरी त्यांनी मान हलवली, हो म्हणून, एकदा आणि मग पुन्हा.

"आठवतं," टेस्टर म्हणाला.